समोरचा डिपर देत नाही म्हणजे नक्की काय?

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री १०:१२

मागच्या शनिवारी पुण्याहून चिपळूणला निघालो. मावसबहिणीच्या मुलीचं लग्न. गाडीत मी, बायको, आई आणि आमचा बारावीतला दिवटा. डिकीत दोन सुटकेसा, आहेराच्या पिशव्या आणि आईने बहिणीसाठी घेतलेलं ज्वारीचं पोतं. निघायला उशीर झाला तो झालाच. उंब्रजला हायवे सोडला तेव्हा चांगला अंधार पडला होता.

उंब्रज-मल्हारपेठ-पाटण रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दुपदरी, मध्ये दुभाजक नाही आणि सध्या उसाचा हंगाम. मल्हारपेठच्या अलीकडे समोरून एक गाडी आली. निळसर पांढरा लाइट. मी डिपर दिला (म्हणजे झोत खाली उतरवून त्यालाही खुणावलं), पुन्हा दिला, साहेब ढिम्म. दोन-तीन सेकंद काचेवर नुसता पांढरा पडदा. ती गाडी बाजूने गेली आणि समोर वीसेक मीटरवर उसाच्या दोन ट्रॉल्या! मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मोळीबाहेर लोंबणारं पाचट हलत होतं, तेवढंच काय ते दिसलं. अक्षरशः ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा ट्रॉली आणि बॉनेटमध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढीच जागा होती. मागच्या सीटवरून आईचा हात माझ्या खांद्यावर आला, तो पाटण येईपर्यंत तिथेच होता.

पुढे कुंभार्ली घाटात तर उलटाच प्रकार. समोरचे मलाच अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारत होते! माझा लाइट शंभर टक्के डिपरवर, डॅशबोर्डवरची निळी खूण बंद. लोकांना रात्री गाडी चालवायची अक्कलच राहिलेली नाही, असं माझं मत झालंय.

तुम्ही काय करता अशा वेळी? पिवळे चष्मे मिळतात त्यांचा उपयोग होतो का? की आपणही दणदणीत एलईडी टाकून मोकळं व्हावं?

पिंपळपान_७ | रात्री १०:३१

अगदी मनातलं लिहिलंत. हल्ली रात्रीचा प्रवास बंदच केलाय. लवकर निघायचं, नाहीतर मुक्काम करायचा.

उजेड_पाडणारा | रात्री १०:५८

धागाकर्ते, राग मानू नका, पण पुण्या-मुंबईच्या लोकांना एलईडीला नावं ठेवायला काय जातंय? आमच्याकडे परभणी-गंगाखेड बाजूला या. रस्त्याला कडेचा पांढरा पट्टा नाही, खड्डा मोठा की म्हैस मोठी ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. कंपनीचा पिवळा लाइट म्हणजे देवघरातली समई. मी एलईडी टाकले आणि पहिल्यांदा रस्ता दिसला. समोरच्याचे डोळे दिपतात हे मान्य, पण माझा जीव मला प्यारा आहे.

वडाप | रात्री ११:२०

वडील एसटीत चालक होते, चिपळूण डेपो. त्यामुळे कुंभार्लीचा विषय निघाला की राहवत नाही.

त्यांच्या काळात हेडलाइटच्या काचेवर वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग मारलेला असायचा, कुणी मधोमध काळा टिळा लावायचं. जुन्या टॅक्सी, ट्रक बघितलेल्यांना आठवेल. लहानपणी मला वाटायचं की गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लावतात. वडील म्हणाले, "दृष्ट लागू नये म्हणूनच, फक्त समोरच्याच्या दृष्टीला." दिव्याच्या दृष्टीने त्याचा किती फायदा होता देव जाणे, पण आपला उजेड दुसऱ्याच्या डोळ्यात जातो याची जाणीव तरी होती.

आणि डिपर म्हणजे नमस्कार-चमत्कार होता हो. लांबून समोरचा दिसला की आपण उतरवायचा, मग त्याने. उतरवला नाही तर एकदा अप्पर मारून आठवण द्यायची. दुसऱ्यांदा नाही. जुन्या जीप-अँबॅसॅडरमध्ये ते बटण पायाशी, क्लचच्या डावीकडे असायचं. घाटात डावा पाय सारखा तिथे.

अवांतर : ट्रकमागे 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असतं ते सगळ्यांनी वाचलंय. २०१६ साली टाटा मोटर्सने ट्रकचालकांसाठी 'डिपर' नावाचे कंडोम काढले होते, त्याच ओळीवरून. गंमत नाही, खरंच.

अक्षिपटल | बुधवार, सकाळी ७:०५

नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून चष्म्याच्या प्रश्नाला उत्तर देते.

पिवळा चष्मा घेऊ नका. रात्री डोळ्यांना मुळात उजेड कमी मिळत असतो आणि रंगीत काच त्यातलाही थोडा खाते. समोरचा झोत जरा सौम्य वाटतो म्हणून बरं वाटतं, पण त्याच काचेतून काळ्या कपड्यातला पादचारी आणखी काळा होतो. तुमच्या प्रसंगात ट्रॉली दिसायला उलट उशीरच झाला असता.

दुसरं म्हणजे दुकानात 'अँटीग्लेअर' म्हणून जे मिळतं, त्याचा हेडलाइटशी फारसा संबंध नाही. चष्म्याच्या काचेवर होणारी परावर्तनं त्या लेपाने कमी होतात, एवढंच. ती चांगली गोष्ट आहे, लावून घ्या, पण समोरचा झोत त्याने अडत नाही. पेशंट हजार वेळा विचारतात, नावच फसवं आहे.

आता मूळ मुद्दा. उजेड डोळ्याला खुपणं वेगळं आणि उजेडामुळे दिसेनासं होणं वेगळं. झोत डोळ्यात शिरला की आतल्या भिंगात आणि द्रवात थोडा विखुरतो आणि पडद्यावरच्या चित्रावर त्याचा एक धूसर थर चढतो. धागाकर्त्यांनी 'पांढरा पडदा' म्हटलंय ते फार अचूक आहे. वय वाढतं तसं भिंग गढुळतं आणि हा थर दाट होतो. सुरुवातीच्या मोतीबिंदूत दिवसा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी माणसं रात्री गाडी चालवताना रडकुंडीला येतात. तिरप्या नंबराचा, म्हणजे सिलिंडरचा चष्मा नीट नसेल तर प्रत्येक दिव्याला चांदणीसारखे काटे फुटतात. चाळिशीनंतर दोष फक्त समोरच्यावर टाकण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या.

आणि झोताकडे बघू नका हो! नजर आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा आणि वेग आधीच कमी करा, दिपल्यावर नव्हे. ताशी ५० वेगाने गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. तीन सेकंद आंधळे म्हणजे ४२ मीटर.

उजेड_पाडणारा | सकाळी ८:४०

मॅडम, पट्टा असेल तर बघू ना.

अक्षिपटल | सकाळी ८:५२

:) पट्टा नसेल तर डांबराची कड. तीही नसेल तर पहिला गिअर.

वायरमन | दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. चौदा वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय, एलईडी बसवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. धंदा आहे म्हणून आधी मीही बसवले. आता हॅलोजनच्या दिव्यात बसवत नाही.

कारण सांगतो. बहुतेक साध्या गाड्यांत एच-फोर बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन फिलामेंट. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते, करंगळीच्या नखाएवढी. सगळी करामत त्या वाटीची. खालच्या बाजूला जाणारा उजेड ती अडवते, म्हणून दिव्याच्या आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरवरून उडून वर, समोरच्याच्या डोळ्यात काही जात नाही. भिंतीवर लाइट टाकून बघा, वरून सरळ कापल्यासारखी रेघ दिसेल, डावीकडे थोडी वर चढलेली. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावी कड लांबपर्यंत दिसावी आणि उजवीकडचा माणूस वाचावा असा हिशेब. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो.

आता त्यात एलईडी घातला. तारेच्या जागी दोन बाजूंना दोन चिप. जागा मिलिमीटरभर इकडे-तिकडे झाली, वाटी धड नाही, आणि तो बल्ब फिरवून कसा बसवला त्यावर बाकीचं. रेघ जाते फुटून. उजेड झाडावर, पाटीवर, समोरच्याच्या तोंडावर. कंपनीचा एलईडी किंवा प्रोजेक्टर वेगळा, तिथे अख्खा दिवाच त्यासाठी बनवलेला असतो.

उजेडभाऊ, तुम्हाला रस्ता 'पहिल्यांदा दिसला' तो कुठला? बॉनेटपुढचा दहा-पंधरा मीटरचा. तो पांढराफटक पडतो, डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबची म्हैस आणखी अंधारात जाते. पावसात तर ओल्या डांबरावर पांढरा लाइट पडतो की नाही तेच कळत नाही. तुमची समई आधी साफ करा. दिव्याची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, चांगल्या कंपनीचे नवे बल्ब टाका, रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून जाड वायर थेट बॅटरीवरून ओढा. जुन्या वायरिंगमध्ये बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं आणि त्याने उजेड फार जातो. एवढं करा आणि मग बोला.

बाकी धागाकर्त्यांना एक प्रश्न. घाटात समोरचे तुम्हालाच अप्पर मारत होते म्हणालात. डिपरवर असताना. का मारत असतील?

कोयनाकाठ | दुपारी २:०३

तेच तर म्हणतोय, अक्कल नाही लोकांना.

वायरमन | दुपारी २:१०

सगळ्यांनाच? तुमच्या स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्याच्या वर एक छोटी चकती असेल. ० १ २ ३ लिहिलेली. ती कितीवर होती?

कोयनाकाठ | दुपारी २:३४

चकती आहे. मला वाटायचं डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायची आहे. फिरवून काहीच होत नाही म्हणून नाद सोडला होता. बहुतेक शून्यावर असावी. का?

वडाप | दुपारी २:३६

अरे देवा.

श्टुटगार्टकर | दुपारी ४:२०

वायरमन लिहितीलच, पण माझा रोजचा विषय आहे म्हणून घुसतो.

साधारणपणे डिपरचा झोत दर मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. तुमचा दिवा जमिनीपासून ६५ सेंमीवर आहे असं धरू. म्हणजे ५० मीटरवर झोताची वरची कड फक्त १५ सेंमी उंचीवर. समोरच्याचं टायर उजळेल, डोळे नाहीत. आता मागे दोन माणसं, डिकीत सुटकेसा आणि ज्वारीचं पोतं. मागची चाकं साडेचार सेंमी बसली तरी गाडीचं नाक सुमारे एक अंश वर होतं. एक अंश म्हणजे मीटरला पावणेदोन सेंमी. एक सेंमी उतरणारा झोत आता पाऊण सेंमी चढायला लागला. ७० मीटरवर त्याची कड जवळपास ११७ सेंमीला. साध्या कारमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे तिथेच असतात.

ती चकती यासाठीच आहे. एकटे असाल तर शून्य, गाडी भरली की दोन-तीन. फिरवल्यावर हेडलाइट आतल्या आत खाली वाकतात. दिवसा उजेडात 'काहीच होत नाही' असं वाटणारच.

इथे जर्मनीत दिव्याच्या वरच्या भागावर तो उतार छापलेला असतो, माझ्या गाडीवर १.२ टक्के आहे. दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत तो मोजतात, आणि दर ऑक्टोबरमध्ये गॅरेजवाले फुकट लाइट तपासून काचेवर स्टिकर लावून देतात. १९५६ पासून चालू आहे. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. उंच एसयूव्हीचे दिवे उतार बरोबर असूनही छोट्या गाडीच्या आरशात घुसतात. नव्या महाग गाड्यांत कॅमेऱ्याला समोरची गाडी दिसली की झोताचा तेवढाच तुकडा विझतो, बाकी अप्पर चालू राहतो. सुंदर दिसतं. पण चढावर समोरच्याचे दिवे कॅमेऱ्याला दिसायच्या आधी क्षणभर तुम्ही भाजून निघताच.

स्कूटरवाली | सायंकाळी ६:४८

गाडीवाल्यांचं चालू द्या, दुचाकीबद्दल कुणी बोलणार का? १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच असतो. त्यामुळे लाइट अप्परवर राहिलाय हे कितीतरी जणांच्या गावीही नसतं. दिवसभर अंगठा लागून बटण वर गेलेलं असतं आणि संध्याकाळी तसेच निघतात.

आणि एक स्वानुभव. मला दोन वर्षं वाटत होतं की जग फार चकाकायला लागलंय. मग भावाचं नवीन हेल्मेट घालून एकदा घरी आले आणि रस्ता एकदम शांत! माझ्या हेल्मेटची काच ओढणीने पुसून पुसून ओरखड्यांनी भरली होती. प्रत्येक दिव्याचा पिसारा व्हायचा. काच बदलली, संपलं.

पिंपळपान_७ | सायंकाळी ७:३०

गाडीच्या पुढच्या काचेचंही तेच. बाहेरून सगळे धुतात, आतून कोण पुसतं? डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकचा तेलकट थर आतून बसतो. वर्तमानपत्र ओलं करून पुसा, कागद काळा होतो बघा.

कलम_क्रमांक | रात्री ९:०५

कायदा कुणीच काढला नाही म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १०६ : झोत कायमचा खाली वळवलेला हवा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, तो माणूस दिपता कामा नये. म्हणजे समोरून येणाऱ्याचाच विचार. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १८२-ए, पोटकलम ४ : परवानगी नसलेला बदल मालकाने गाडीत केला तर दर बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता विचारा, रात्री अकरा वाजता मल्हारपेठ फाट्यावर हे मोजायला कोण उभं आहे.

उजेड_पाडणारा | रात्री ९:४०

दोन बल्ब म्हणजे दोन बदल. दहा हजार. बल्ब बाराशेचे.

वायरमन, रिलेचं कसं करायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पटलं असं नाही, करून बघतो.

वडाप | रात्री १०:१५

दुभाजक असलेल्या रस्त्याचा हा एक फायदा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मधल्या पट्ट्यात कण्हेर लावलीय ती फुलांच्या हौसेने नव्हे, समोरचे लाइट अडावेत म्हणून. गुरं तोंड लावत नाहीत आणि पाणीही कमी लागतं. दुपदरी रस्त्याला कुठून कण्हेर आणायची?

कोयनाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

प्रयोग केला. सविस्तर लिहितो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून बरोबर पाच मीटरवर गाडी लावली. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली. हिशेबाने झोताची कड तिच्या खाली पाच सेंमी हवी. गाडी रिकामी, चकती शून्यावर. उजवा दिवा : खाली पाच. डावा दिवा : वर दोन! तो मुळातच चुकलेला. सहा महिन्यांपूर्वी डावीकडचा बंपर ठोकला गेला होता, तेव्हा गॅरेजवाल्याने दिवा काढून बसवला होता. बसवला, बघितला नाही. आणि सहा महिने मीही नाही बघितला.

मग मागच्या सीटवर दिवटा आणि त्याचा मित्र, डिकीत पाण्याचे वीस लिटरचे चार जार. उजव्याची कड खडूच्या रेघेवर तीन सेंमी चढली. डाव्याची तर बोलायलाच नको, शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या आरशात चमकत होती. चकती दोनवर नेली, आतून घुर्रर्र आवाज आला आणि उजवा पुन्हा खाली पाचवर. आठ वर्षं ही गाडी चालवतोय मी.

डावा दिवा मागच्या स्क्रूने खाली आणला. अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं स्क्रू शोधण्यात.

घाटात ज्यांना मी शिव्या घातल्या त्यांची संख्या आठवत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "तरी मी म्हणत होते, सगळेच कसे वेडे असतील."

वायरमन | रात्री १०:०२

स्क्रू शोधायला वीस मिनिटं म्हणजे पहिल्या वेळेला चांगलाच वेळ. मल्हारपेठचा मात्र खरंच अप्परवर असेल हं, किंवा फुटका एलईडी. त्याला सोडू नका.

अक्षिपटल | रात्री १०:२०

आणि डोळे?

कोयनाकाठ | रात्री १०:२६

सोमवारी अपॉइंटमेंट घेतलीय. उद्या पूजेला पुन्हा चिपळूणला जातोय, त्याच रस्त्याने, रात्रीच परत. चकती दोनवर. किती जण अप्पर मारतात ते मोजायला दिवट्याला वही दिलीय.

कोयनाकाठ | सोमवार, सकाळी ७:४०

दिवट्याचा हिशेब, चिपळूण ते उंब्रज : अप्पर मारणारे चार. त्यातला एक एसटीवाला, तो पुढे गुरं बसलीत हे सांगत होता.

उसाच्या ट्रॉल्या सव्वीस. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असलेल्या नऊ.